घडी घातलेला फोटो

सॅन अँटोनिओ,
६ ऑक्टोबर २०१९

ती. ओतिलिया मावशीस,
ब्रिसेदाचा सा. न. वि. वि.

एव्हारिस्तोदादाचा फोन येईल म्हणून तू कुणालाच दोन मिनिटांवर बोलू देत नाहीस, तेव्हा पत्रच बरं. नर्सिंगचा अभ्यास ठीक चाललाय, पण खरी गोडी लागलीय ती जोडविषयाची, स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीची. आडनाव गार्सा, म्हणजे मला सगळं येत असणार असं वर्गाला वाटतं. मीही मान हलवते. आईने घरात ही भाषा बोलूच दिली नाही हे कोणत्या तोंडाने सांगू?

पितरांच्या दिवसासाठी प्रत्येकाने आपल्या घरची वेदी मांडायची आहे, निम्मे मार्क त्यावरच. आईकडे एकही जुना फोटो नाही. आजोबांचा एखादा पाठवशील का?

लोभ आहेच, तो फोटोसकट पाठवावा.
तुझी भाची,
ब्रिसेदा

ईगल पास,
१४ ऑक्टोबर २०१९

चि. ब्रिसेदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उलगडायला दोन कप कॉफी लागली, इतक्या चुका! पण चुकत का होईना, आपल्या भाषेत लिहिलंस. हीच भाषा बोललो म्हणून शाळेत बाई मला आणि नोर्माला हात पुढे करायला लावून पट्टीने मारायच्या. म्हणून तर तुझ्या आईने ती पोरींच्या कानावर पडू दिली नाही. आता तिचेच मार्क मिळतात म्हणे. आमचे दात होते तेव्हा चणे नव्हते.

आजोबांचा बरा असा एकच फोटो आहे. ते लगाम धरून उभे, शेजारी घोड्यावर माझा चार वर्षांचा एव्हारिस्तो. दरवर्षी वेदीवर ठेवताना मी तो मधोमध दुमडते, म्हणजे पोर मागे जातं. तूही तसाच ठेव, घडी उलगडू नकोस. झेंडू ताजा आण, आणि पेलाभर पाणी विसरू नकोस, आजोबा लांबून येतात.

नोर्माला सांग, बहिणीला विसरू नको.
तुझी मावशी,
ओतिलिया

सॅन अँटोनिओ,
३ नोव्हेंबर २०१९

ती. मावशीस सा. न. वि. वि.

माझ्या वेदीला पहिला नंबर मिळाला! मांडताना बाईंना घडीमागचं पोर दिसलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, की नऊ वर्षांपूर्वी दादा ट्रक घेऊन सीमेपलीकडे मोंतेर्रेला गेला, ट्रक सापडला, तो नाही. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तुझी खरी गोष्ट हीच, ती लपवतेस कशाला? मग मी घडी उघडली आणि खाली चिठ्ठी लावली, 'एव्हारिस्तो, १९८६ ते २०१०'.

आई दार लावून नेहमी म्हणते, की तो गेला. सगळ्यांना ठाऊकच आहे, तर उघड म्हणायला काय हरकत, असं वाटलं. लोक अक्षरशः रडले गं. आजच्या पेपरात फोटो आलाय, कात्रण जोडलंय. तुझ्यासाठी केलं हे, आता तरी तुला मोकळं वाटेल.

लोभ वाढावा.
तुझीच,
ब्रिसेदा

ईगल पास,
१२ नोव्हेंबर २०१९

ब्रिसेदास,

तुझ्या पत्राआधी पेपर पोचला. शेजारची कोंचिता मक्याच्या तामालेसची परात घेऊन दारात रडत उभी. कोण गेलं, मला कळेना. रविवारी फादरनी मृतांच्या यादीत त्याचं नाव वाचलं. मी जाब विचारला, तर म्हणाले, तुमच्याच घरच्या मुलीने छापून आणलंय. नोर्माला फोन केला. ती रडली आणि म्हणाली, बरंच झालं ताई.

जोडविषय सोडू नकोस. पण तुमच्या बाईंचं बहुतेक एक शिकवायचं राहिलं, म्हणून सांगते. वेदीवर मेलेल्यांना बोलावतात. मी ज्याची दारातून यायची वाट बघते, त्याला तू वेदीवर नेऊन बसवलंस. तेही मार्कांसाठी. मला फार राग आलाय, आणि तो उतरेल असं वाटत नाही.

नऊ वर्षं भाजीच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर कुणी ना कुणी थांबवून विचारायचं, काही कळलं का गं? मी म्हणायची, अजून नाही. तेवढ्यावर दिवस काढले. काल सगळा बाजार फिरून आले. एकानेही विचारलं नाही.

उत्तर पाठवू नकोस.
एव्हारिस्तोची आई,
ओतिलिया