न गुरगुरणारं कॅबिनेट

१२ जाने. २००२, शनि., नोएडा
आईच्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. ६ फेब्रु. गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे, आवाज बदलू शकतो, असं डॉ. म्हणाले. आई ऑटोत म्हणते, "बदलू दे. मला काय रेडिओवर जायचंय?"
मला धडकी भरलीये. तिची भजनं तिचीच, चालीही तिच्याच. बाबांच्या बदलीबरोबर नगरहून दिल्लीला आली तेव्हापासून चर्चमध्ये गाते. नोटेशन कुणाकडे नाही. घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. ६ तारखेच्या आत. थंडीमुळे पंखे-कूलर बंद आहेत, तेवढं बरं.

१५ जाने., मंगळ.
माइक लावला, आई गायली. ऐकते तर भजनामागे सतत घूंऽऽ. पिठाच्या गिरणीत बसून गातेय जशी. सीपीयू! दोन वर्षं घरात आहे मेला, इतका गुरगुरतो हे आज कळलं. आई हळू गाते तिथे तर तोच गातो.

१७ जाने., गुरु.
आईने उपाय काढला. "मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, हा एकटाच उघडा का?" दोन दिवस बसून जुन्या साड्यांची गोधडी शिवली, सीपीयूच्या अगदी मापाची, वर लेस. आणि खरंच, आवाज गेला! मी खूश. आई दुसऱ्या कडव्यावर आली आणि पडदा काळा. तापून बंद पडला. रेकॉर्डिंगही गेलं. "परत गाते" म्हणाली, पण खोकला लागला. नवरा मानेसरहून कामावरून आला, गोधडी बघून हसत सुटला. मग माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "शनिवारी नेहरू प्लेसला जाऊ, कॉम्प्युटरच्या बाजारात. सीपीयूला नवीन कॅबिनेट बघू."

१९ जाने., शनि.
वाटेत नवऱ्याचं लेक्चर. कारच्या कारखान्यात दिवसभर आवाज-थरथर कमी करायचंच काम, त्यामुळे थांबेना. पंख्यापेक्षा पत्रा जास्त बोलतो म्हणे. पंखा थरथरतो, पातळ पत्रा वाजतो. मला पटलं, पण सांगितलं नाही.
दुकानदाराने निळे दिवे लागणारं दाखवलं. "मॅडम, आजकल सब यही ले जाते हैं।" मी बोटाने टकटक वाजवून बघितलं, माठ वाजवतो तसं. माठ खणखणीत हवा, हे मात्र मुकं हवं. एकेक करत दुकानभर वाजवत फिरले. विलास चार हात लांब, मला ओळखत नसल्यासारखा. कोपऱ्यात एक काळं, जाड पत्र्याचं, मागे पुरीएवढा मोठा पंखा. टिचकी मारली. ठप्प. बास, एवढंच. "वो तो बहुत भारी है, कोई लेता नहीं।" तेच घेतलं. येताना करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात. कारच्या दारात आतून लावतात तो जाड नमदा आणि रबरी वायसर. ऑटोत कॅबिनेट माझ्या मांडीवर, पाय बधिर.

२० जाने., रवि.
विलासने सगळं उचकटून नव्या कॅबिनेटमध्ये बसवलं. हार्ड डिस्कखाली वायसर, पत्र्याला आतून नमदा. हवेची भोकं मोकळी ठेवलीत, मी तीनदा विचारलं.
बटण दाबलं. दिवा लागला आणि... काही नाही. मला वाटलं चालूच झालं नाही. कान लावला तेव्हा कुठे हवा जाणवली. आई दारातून, "पुन्हा बंद पडलं का गं?" मी मानेनेच नाही म्हटलं. शेजारणीचं लाटणं ऐकू येत होतं, आईचा श्वास ऐकू येत होता. आमचं घर असं असतं?

२४ जाने., गुरु.
आज गायली. पडद्यावरची आवाजाची रेघ सरळ, आणि पहिल्या शब्दाच्या आधी बारीकसा उंचवटा. तिने श्वास घेतला तो! जन्मभर ऐकतेय तिला, पण हे कधी ऐकलं नव्हतं. शब्द सुरू व्हायच्या आधीच सूर लागलेला असतो तिचा. केवढं आहे हे, आणि आम्ही आजवर त्यात कुकरच्या शिट्ट्या मिसळत बसलो.
एक ऐकलं ते विलासला सांगितलं नाही. पूर्वी एका दमात म्हणायची ती ओळ आता मध्ये तोडते.
आईला ऐकवलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग, "ही बाई बरी गाते."

३ फेब्रु., रवि.
एक सोडून सगळी भजनं झाली. राहिलेलं माझ्या जन्मानंतरचं, तिने माझ्यासाठी केलेलं. मुद्दाम शेवटी ठेवलंय म्हणते.

५ फेब्रु., मंगळ.
दुपारी अॅडमिट व्हायचं. सकाळीच माइक लावून बसले. आई न्हाऊन आली, खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि नाही म्हणाली.
"आई, प्लीज. आजच. नंतर आवाज कसा..."
"नंतर कसाही असू दे," म्हणाली. "ते मी घरी आल्यावर म्हणणार. सगळंच आज देऊन टाकलं तर यायचं कशाला?"
विलास खालून टॅक्सी आल्याचं सांगायला आला. मी हट्ट केला नाही. माइक तसाच ठेवलाय, तिच्या खुर्चीसमोर.