दुर्बिणीवरचं कुंकू

ठाणे, विजयादशमी, दिवेलागणीनंतर

आज सणाच्या दिवशी हिच्यावर ओरडलो. शाळेची दुर्बीण सुटीपुरती घरी आणली आहे. दसऱ्याच्या पूजेत हिने पोथ्यांबरोबर तीही मांडली आणि हळदकुंकवाचं बोट थेट भिंगालाच लावलं. संध्याकाळी चंद्राकडे लावून पाहतो तर सगळं गढूळ. नको ते बोलून गेलो. हिने पदराने भिंग पुसून दिलं. कशाला बोललो मी?

मग तिलाही पाहायला बोलावलं. चंद्रावरचा तो काळा, गोल, सपाट भाग दाखवला. म्हटलं, इथे मोठा खोल खड्डा होता, त्यात वितळलेला दगड भरला आणि थिजला. ती बराच वेळ डोळा लावून होती.

“इतकी आग झाली, आणि शेवटी अंगण सारवल्यासारखं झालं,” म्हणाली. मग हळूच, “माझंही तसंच होईल ना?”

उद्या ती कल्याणला माहेरी जाते, पहिल्या बाळंतपणाला. मी “होईल” म्हणालो. मला काय ठाऊक?

आत्ता दुर्बीण पेटीत ठेवताना दिसलं, वाकून पाहताना तिच्या कपाळाचं कुंकू डोळा लावायच्या पितळी कड्याला लागलं आहे. पुसायला फडकं घेतलं होतं. पुसवलं नाही.