आपटलं, लोटलं नाही

३ डिसेंबर

साहेबांचं फर्मान – वर्षअखेरच्या कार्यक्रमात यंदाची गाजलेली सगळी गाणी, मोठ्या पडद्यावर शब्दांसकट. लोक बघून म्हणणार. शब्द टाइप करायचे मी. चॅनेलवर माझं कामच ते. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, परत ऐकायचं. गाताना ऱ्हस्व-दीर्घ सगळं ताणतात, ते मी सरळ करतो.

पहिला नंबर कुणाचा, हे विचारावं लागलं नाही. ताईचा.

४ डिसेंबर

दिवसभर यंदाची गाणी ऐकली. डोकं उठलं! वर्ष सरलं, ताल एकच. सगळी एका माळेचे मणी. एक पठ्ठ्या गातच नाही, भांडल्यासारखं बोलतो. दुसरा इतका कुजबुजतो, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. तिसऱ्याचं ‘तुझ्याविना, तुझ्याविना’ – शेवटी वाटतं, राहा की बाबा, तिच्याविनाच बरा आहेस. जुनी गाणी घ्यायची, दुप्पट वेगाने पळवायची आणि मारूनमुटकून नवी म्हणायची. फोनवर पहिल्या ओळीतच लोक पुढे सरकतात म्हणून आता सुरुवातीची धूनही नाही. चपला न काढता घरात शिरल्यासारखं!

या सगळ्यांत एकच गाणं गाणं आहे. ताईचं. तोच तर संताप.

७ डिसेंबर

‘दार लोटलंय, कडी नाही घातली’ – हा तिचा मुखडा. लोकांना वाटतं, प्रियकरासाठी आहे. आज बसमध्ये एक बाई दुसरीला सांगत होती, असं वाट बघणारं माणूस नशिबाने मिळतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ते आमचं दार आहे. आमच्याकडे दार लावणं वेगळं, लोटणं वेगळं. लोटलं म्हणजे नुसतं टेकवलं. बाहेरून बोट लावलं तरी उघडतं. आणि गेल्या वर्षी घर सोडताना ताईने दार लोटलं नव्हतं. आपटलं होतं! मी तिथे होतो. बाबा म्हणाले, “गाणं की घर, एक काय ते ठरव.” तिने ठरवलं. चौकटीचा पोपडा पडला, तो मीच झाडून काढला. आणि आता म्हणे लोटलंय! खोटारडी.

९ डिसेंबर

शेजारी तेच लागलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. गाणं संपेपर्यंत थांबलेलेच. बाबांनी उठून खिडकी लावली.

घरचं दुखणं चव्हाट्यावर मांडून टाळ्या घ्यायच्या आणि आईने ते उठता-बसता ऐकायचं. एकदा समोर येऊ दे तिला. आईच्या वतीने मी बोलणार आहे. बाबा नाही, आई नाही, मी.

१४ डिसेंबर

ध्वनी सांभाळणाऱ्याला आम्ही कानसेन म्हणतो. आज त्याने विचारलं, “ती तुझी बहीण ना रे?” मी म्हटलं, नाही, आडनाव एक आहे. म्हणाला, “नाकही एकच आहे.”

ती कार्यक्रमात स्वतः गाणार आहे, हेही त्यानेच सांगितलं.

१९ डिसेंबर

सगळं टाइप झालं. ताईचं गाणं सर्वांत शेवटी घेतलं. तीनतीनदा तपासलं. एक वेलांटी चुकलेली नाही.

२७ डिसेंबर

नीट लिहितो.

सभागृह भरलेलं. ताई आली, सगळे उभे राहिले. दिवे मंद झाले, पडद्यावर माझी ओळ उमटली आणि अख्खं सभागृह एका सुरात म्हणालं – ‘दार आपटलंय, कडी नाही घातली!’

मी लिहिलं होतं ते! मीच! मुद्दाम नाही. तपासताना ती ओळ डोळ्यांखालून तीनदा गेली आणि एकदाही खटकली नाही. खटकणार कशी? मला तीच खरी वाटते.

लोक हसले. ताईने वळून पडद्याकडे पाहिलं. मग तीही हसली आणि दुसऱ्या वेळी तिने स्वतःच ‘आपटलंय’ म्हटलं. टाळ्याच टाळ्या. इथेही टाळ्या तिलाच!

साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं. वेलांट्यांचा मोठा पंडित, आणि मुखड्यातच माती खाल्ली म्हणाले. कानसेन मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

नंतर ती पडद्यामागे आली. बारीक झाली आहे.

“तूच लिहिलंस ना? दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?”

ठरवलेलं सगळं बोललो. लाज नाही वाटत का, आईला किती लागतं, ती कशी थिजून ऐकते, तुझ्या टाळ्या तिच्या जिवावर आहेत – सगळं.

“आपटलं मीच. ते तुझं बरोबर आहे,” म्हणाली. “बाकीचं आईला विचार.”

आईला विचार! पुन्हा आईलाच मध्ये घालायचं. मी निघून आलो.

२८ डिसेंबर

विचारलं नाही. कशाला विचारायचं? आईच्या जखमेला मी हात लावणार नाही.

३० डिसेंबर

बाबा बाहेर गेले होते. आई भांडी विसळता विसळता गात होती. ताईच्याच गाण्याची चाल.

‘एक कप रोज जास्तच काढते,
आवाज न करता परत ठेवते.’

या ओळी त्या गाण्यात नाहीत. मी शब्दन्‌शब्द टाइप केलाय. विचारलं, या कुठल्या?

“या तिला नाही दिल्या,” आई म्हणाली.

म्हणजे बाकीच्या दिल्या.