सहा महिने चालणारा सेल

२ जून २००८, सोमवार
अखेर माझ्या हातात स्वतंत्र काम आलं. मासळीच्या बर्फपेट्यांत बसवायचा टेंपरेचर लॉगर. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणार, बटणाएवढ्या एका सेलवर सहा महिने चालणार. त्याची वेळ सांभाळणारा ऑसिलेटर मी निवडायचा. वादिराज सर म्हणाले, नीट झालं तर तीस तारखेला कन्फर्मेशन. आईला फोन करून कन्फर्म झालो असं सांगून टाकलं. चार आठवड्यांचाच फरक.

४ जून
क्वार्ट्झ क्रिस्टल नको. पेट्या टेंपोतून आपटतात, क्रिस्टल तडकतो. मी मेम्स ऑसिलेटर घेणार. सिलिकॉनचा, नवा, धक्क्याला न जुमानणारा. डेटाशीटच्या पहिल्याच पानावर दहा मायक्रोअँपिअर. म्हणजे वीज खातच नाही.
टेस्टिंगच्या सीतालक्ष्मी मॅडमनी विचारलं, हा आकडा तो चालू असतानाचा की झोपलेला असतानाचा? त्या तंजावरच्या मराठी, भाषा दोनशे वर्षं जुनी. इंजिनिअरिंगही तसंच असणार.

९ जून
टेस्टिंगला तीन दिवस लागतात म्हणे. मोजत बसणारे लोक पुढे जात नाहीत. वीस लॉगर थेट चेन्नईजवळच्या कोवलमला, कुमुदिनीअम्मांच्या पेट्यांत बसवून आलो. मासळीचा धंदा त्यांचा मोठा आहे. नाव होणार.

११ जून, सकाळी ७
अम्मांचा फोन. वीसही बंद. सेल खराब लागले. बदलले.

१३ जून
पुन्हा बंद. सरांना सांगितलं, चेन्नईचा उकाडा. सर म्हणाले, लॉगर बर्फात असतो. मी म्हणालो, मग थंडीमुळे.

१६ जून
पुन्हा. दर वेळी दीड दिवस. आईने गल्लीत पेढे वाटले. जेवण जात नाही.

१८ जून
मॅडमच्या टेबलाशी गेलो. त्यांनी मीटर लावला. सहा मिलिअँपिअर, म्हणजे माझ्या आकड्याच्या सहाशे पट. दहा मायक्रो हा झोपेतला आकडा. आमच्या सर्किटमध्ये ऑसिलेटर झोपतच नाही. झोपला तर वेळ कोण सांभाळणार?
मॅडमनी डब्यातला अर्धा दहीभात माझ्यापुढे सरकवला. खाल्ला.

२० जून
ऑसिलेटर बरोबर आहे, सेल लहान आहे, असा मुद्दा सरांपुढे मांडला. त्यांनी किती मोठा हवा ते विचारलं. तिथेच गणित केलं. सहा महिन्यांना स्कूटरची बॅटरी लागते. मग मासळी कुठे ठेवायची, असं त्यांनी विचारलं.
नवा बोर्ड मॅडम करणार. क्रिस्टलच, रबराच्या गादीवर. दीड महिना लागेल.

३० जून
प्रोबेशन सहा महिने वाढलं. आईला सांगितलं नाही. नवा बोर्ड येईपर्यंत वीसही लॉगर चालू ठेवायचे, असं कंपनीने अम्मांना लिहून दिलंय. ते काम माझ्याकडे. पदाचं नाव फील्ड सपोर्ट. नाव तसं चांगलं आहे.

६ जुलै, रविवार
पहाटे साडेपाचला कोवलम. वीस सेल काढले, वीस घातले. उद्या पुन्हा. बोटं बधिर, शर्टाचा वास जात नाही.
अम्मा म्हणाल्या, रोज माणूस पाठवणारी कंपनी पहिल्यांदा पाहिली. मग विचारलं, शिकलास किती? मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. असू दे, म्हणाल्या, कुठल्याच कामाची लाज धरू नये. जाताना चार बांगडे बांधून दिले.
मी मासे खात नाही. घेतले.