राघूचं नवं इंजिन

लातूर, ९ सप्टेंबर २०२४

चि. वर्षाराणीस,
शेषेरावकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडं समदं ठीक. फोनवर मापं चुकतात, म्हणून नेहमीसारखं नांदेडच्या बसमधून पार्सल आणि सोबत ही चिठ्ठी. इंजिन ज्यावर बसतं ते जुनं फाउंडेशन पाठवलंय, मोजून घे.

आपला राघू बासष्ट सालचा. हैदराबादहून आणला तवा तू तिसरीत होतीस. दोन सीटा, उघडं छप्पर आणि हिरवा रंग बघून तूच ते नाव ठेवलंस. आता त्याला नवं करायचं ठरवलंय. चारी चाकांना डिस्क ब्रेक, ॲक्सिलरेटरची केबल, पॉवर स्टिअरिंग, एसी, मागं बघायचा कॅमेरा. इंजिन बावीसशे सीसी डिझेल, एका मोठ्या गाडीचं, गिअरबॉक्ससकट मिळालंय. दोन्हीचे नंबर मागं लिहिलेत. ते बसवायला पुढची चेसी कशी वाढवायची तेवढं ड्रॉइंग काढून दे. राघू पुन्हा रस्त्यावर चालवायचा हाय, एवढीच हौस उरलीय. घाई कर.

डबा वेळेवर खात जा.
तुझा काका


नांदेड, १३ सप्टेंबर

ती. काकांस,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

फाउंडेशन मिळालं. ड्रॉइंग पाठवत नाही.

राघूचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकशे पस्तीस किलो. तुमचं डिझेल गिअरबॉक्ससकट तीनशेच्या आसपास. संपूर्ण गाडी सातशेची आहे. एवढा भार पुढच्या चाकांवर आला तर वळणावर गाडी सरळ जाईल आणि साठ वर्षांची चेसी जोडाजवळ फाटेल. लोखंड वाढवलं तर वजन आणखी वाढेल. शिवाय इंजिन बदलायला आरटीओची लेखी परवानगी आधी लागते, हे तुम्ही गॅरेजात गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आलात.

जुन्याच इंजिनाचे सिलिंडर बोअर करून ते नव्यासारखं करून घ्या. वेगाची हौस असेल तर ती या वयात राघूवर भागवू नये.

सिंधुकाकूला नमस्कार. पत्राने राग आला तर कळवावे.
आपली वर्षाराणी


लातूर, १८ सप्टेंबर

चि. वर्षाराणीस,
आशीर्वाद.

राग आला, कळवतो. तू कालेजात पोरांना गाड्या शिकवून राहिलीस, पण तुला पहिला पाना मी धरायला लावला. "या वयात" म्हणे! चौसष्ट म्हणजे काय म्हातारपण झालं का? दयानंद मिस्त्री तर तुझं पत्र वाचून म्हणला, मालक, मास्तरीणबाईंनी तुम्हाला नापास केलं.

जुनं इंजिन नको. मला हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स पाहिजे. तू देत न्हाईस तर मी आणि दयानंद वेल्डिंग करून बसवतो. दसऱ्याला राघू बाहेर निघणार म्हणजे निघणार.

भांडलो तरी पत्र टाकत जा.
काका


नांदेड, २२ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

वेल्डिंग सुरू केलं असेल तर थांबवा आणि हे आधी वाचा.

मी तुमची यादी पुन्हा पाहिली. यादी नेहमी ड्रायव्हरच्या डाव्या पायापासून लिहायची, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, म्हणजे काही सुटत नाही, ही पद्धत तुमची. मी चुकले की वही परत मिळायची. या वेळी तुमची यादी ब्रेकपासून सुरू होते. क्लच कुठेच नाही. मग मी गिअरबॉक्सचा नंबर शोधला. तो ऑटोमॅटिक आहे, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. ऑटोमॅटिक गाडीला तुम्ही पाळणा म्हणून हिणवता.

महिनाभरात मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तुम्ही अंघोळीला गेला होता, असं काकूने सांगितलं. एकदा दुपारी तीन वाजता.

तुमच्या डाव्या पायाला काय झालं आहे?

उत्तराची वाट पाहते.
वर्षाराणी


लातूर, २५ सप्टेंबर

चि. वर्षूस,
सिंधुकाकूचे आशीर्वाद.

हे लिहीनात, म्हणून मी लिहिते. श्रावणात यांना झटका आला. डावी बाजू गेली होती, आता हात आलाय. पाय काठीवर चालतो, पण पावलाला खाली काय हाय ते कळत न्हाई. बोलताना जीभ जड होते, म्हणून फोन घेत न्हाईत. तुझी नोकरी नवी, कळलं तर सोडून येशील, म्हणून समद्यांना तंबी होती. मला शपथ घातली होती, ती आज मोडली.

दिवसभर राघूत बसून राहतात. गाडी बंद. मी चहा तिथंच नेऊन देते. डिझेलचं मनावर घेऊ नको, बिनक्लचचं भंगारात तेवढं एकच मिळालं त्यांना.

रागावलीस तरी ये.
तुझी काकू


नांदेड, २९ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काकूचं पत्र मिळालं. मी चिडले आहे. ते इथे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

डिझेल परत द्या. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन आहे, ॲल्युमिनियमचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. जुन्यापेक्षा मोठं, ताकद दुप्पट आणि वजन जवळपास तेवढंच. चेसी कापावी लागणार नाही. ड्रॉइंग सोबत आहे. परवानगीचा अर्ज मी भरते. ती येईपर्यंत दयानंदने पान्याला हात लावू नये. दसरा विसरा.

गाडी झाली. आता ड्रायव्हर. दिवाळीला येईन तेव्हा तुमची तपासणी घेईन. डॉक्टरांचा दाखला आणि लायसनवरची नोंद वेगळी, ती डॉक्टर आणि आरटीओकडून घ्यायची. माझे आकडे वाईट आले तर मी तसं तोंडावर सांगेन.

व्यायाम चुकवू नये, ही विनंती.
वर्षाराणी


नांदेड, ७ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत तुम्ही आकडे विचारलेत, तेव्हा मी विषय बदलला. तोंडावर सांगता आलं नाही. लिहिते.

लाल दिवा लागला की ब्रेक दाबायचा, असं वीस वेळा केलं. तुमचा उजवा पाय सरासरी नऊ दशांश सेकंदाने पोहोचतो. दयानंदचा सहा दशांशाने. चाळीसच्या वेगाला तुमचा पाय पोहोचेपर्यंत गाडी दहा मीटर पुढे गेलेली असते. ऐंशीला वीस मीटर.

म्हणून राघूला चाळीसचा स्पीड गव्हर्नर बसेल. चालवायचा फक्त उजेडात, काकू शेजारी असताना, मोकळ्या रस्त्यावर. डॉक्टर नाही म्हणाले तर हेही नाही. ताकद दुप्पट करून वेग बांधून ठेवणं विचित्र दिसेल, पण मला यापेक्षा जास्त जमलं नाही.

माया कमी करू नये.
वर्षाराणी


लातूर, १९ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस,
आशीर्वाद.

परवानगी आली, इंजिन बसलं, दाखला मिळाला, लायसनवर नोंद झाली. काल राघू काढला. औसा रोडनं अकरा किलोमीटर गेलो. तुझी काकू पदर तोंडात धरून बसली होती. उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आमाला मागं टाकून गेला. वर बसलेली बाई वाकून बघत ओरडली, आजोबा, ढकलू का? काकू हसली. मला लई लागलं. तवाच ठरवलं, घरी जाऊन तुला लिहायचं की चाळीसचं साठ कर.

येताना एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. म्हशीच्या अलीकडं हातभर गाडी थांबली. म्हैस हलली न्हाई. गाडी कडेला घेतली, अर्धा तास बाभळीखाली बसलो. दयानंदला बोलवू का, काकूनं विचारलं. नको म्हणलं. मग हळूहळू मीच घरी आणली.

चाळीसच राहू दे.

तुझा
काका