पॅसेंजर आली की हाफटाइम

५ नोव्हें. ९३, पूर्णा
सायन्नाची बदली झाली त्याच दिवशी वही काढली होती. आज लिहू, उद्या लिहू. मधे जिंतूरला जाऊन आलो, काम काहीच नव्हतं. मग पेन हरवला. खरं सांगायचं तर लिहिलं की ते पक्कं होतं, म्हणून टाळत होतो. आता लिहितो. सायन्ना गेला. गुंतकलला. त्याची बायको राजम्मावहिनी अन् पोरी परीक्षेपर्यंत इथंच.

सायन्ना म्हणजे आमच्या लोको इलेव्हनचा कॅप्टन अन् गोलकीपर. शेडात फायरमन. कोळशाची इंजिनं संपायलीत, तशी रेल्वे क्वार्टरांच्या तेलुगू लाइनीतली एकेक खोली रिकामी व्हायली. ह्या लाइनीतल्यांचे आजे निजामाच्या काळात रूळ टाकायला इकडं आले. रूळ टाकून झाले, माणसं राहिली. फुटबॉल त्यांच्यासंगंच आला म्हणतात.

मी सोनपेठकडचा. घरून भांडून निघालो, गाडीत झोप लागली, जाग आली ती पूर्णा. मैदानावर खेळ चालू होता, बघत उभा राहिलो. सायन्ना ओरडला, "खडा क्या है रे तम्मुडू, दौड!" तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ, हे नंतर कळलं. त्या दिवशी ते दहाच होते. तेव्हापासून मी लेफ्ट आउट.

११ नोव्हें.
दिवाळी तोंडावर. लाइनीत कंदील लय कमी.

आमच्या मैदानावर हाफटाइम घड्याळावर नसतो. संध्याकाळची पॅसेंजर आउटर सिग्नलला आली की ड्रायव्हर दोन शिट्ट्या देतो. दोन शिट्ट्या म्हणजे हाफटाइम. बाहेरचे संघ चिडतात. सायन्ना त्यांना म्हणायचा, "गाडी का टाइम वोच हमारा टाइम." एकदा गाडी इतकी लेट झाली की आमचा तेव्हाचा कीपर नरसिंलू गोलात आडवा होऊन चक्क झोपला. गाडी आली, तो उठला, बाहेर आला, चिंचभात खाल्ला, परत जाऊन उभा राहिला. कसला कीपर होता!

नरसिंलू राजम्मावहिनीचा सख्खा भाऊ. परभणीच्या संघानं त्याला पगारावर नेलं, त्याला चार वर्षं झाली. सायन्ना तेव्हा फुलबॅक होता, तो गोलात गेला. "उसका नाम मेरे घर में नक्को," म्हणाला. नरसिंलूनं पुन्हा लाइनीत पाय ठेवला नाही. वहिनी राखी पोस्टानं पाठवते. सायन्नाला माहीत होतं. बोलला नाही कधी.

१५ नोव्हें.
रेल्वेच्या साहेबांनी बोलावलं. मोठ्या लाइनीच्या, म्हणजे ब्रॉडगेजच्या कामाला खडी टाकायला जागा पाहिजे, ती म्हणजे आमचं मैदान. ईश्वरनं लय विनवण्या केल्या. ईश्वर आमचा राइट बॅक, स्टेशनावर पॉइंट्समन. शेवटी साहेब म्हणाले, "अठ्ठावीसला परभणीशी मॅच आहे ना? मी येतो बघायला. अकरा जण उभे दिसले तर जागा तुमची. नाहीतर दुसऱ्या दिवशी खडी."

आमी दहा. अन् गोलात कोणीच नाही. सायन्नाला तिकडं रजा मिळत नाही.

१८ नोव्हें.
गंगाखेडच्या साखर कारखान्यात वहिनीच्या नात्यातला एक पोरगा गोलात बरा उभा राहतो, असं कळलं. मला धाडलं. स्टँडवर उतरलो तर बाजारात एक म्हातारा पेटी दुरुस्त करायलाय. भाता उघडून एकेक सूर काढून बघायचा, मान हलवायचा. मी बसलो. तेवढ्यात गावाकडचा किसनमामा भेटला. आईचा निरोप, "विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा निघालंय, इतक्यात गावात येऊ नको." बरं. तसाही मी कुठं जायलोय. पण मैदान गेलं तर इथं तरी माझं काय...

कारखान्यावर पोचलो तर शिफ्ट सुटलेली. पोरगा मावशीकडं आंध्रात गेला, महिनाभर येत नाही.

वहिनी म्हणाली, "तेरे को पानी लाने भेजे तो तू बावडी देखते बैठता." मग जेवायला वाढलं.

२१ नोव्हें.
आज आपसात खेळलो. पाच-पाच, गोलात दगड. कान आउटरकडं. खेळायलोय, खेळायलोय, शिट्टी येईना. थांबतो कोण? ईश्वरच्या पिंढऱ्यांत गोळे आले तरी पळायलाय. अंधार पडत आला, बॉल आवाजावरून ओळखायची वेळ. वहिनी चिंचभाताचं पातेलं घेऊन कडेला उभी. ती बघून बघून ओरडली, "अरे पागलों, पॅसेंजर तर कालपासून बंद झाली!"

सगळे जागच्या जागी. गाडी बंदचा बोर्ड स्टेशनावर लावला कोणी? ईश्वरनं. सोताच्या हातानं.

"मालूम था रे," तो म्हणाला, "पण पाय थांबंनात."

 चिंचभात उभ्यानंच खाल्ला. गाडी नाही, तर हाफटाइम झाला की नाही तेच कळेना. बसायचं कसं?

२७ नोव्हें.
उद्या मॅच. अजून दहाच. ईश्वर म्हणतो, शेडातला आचारी उभा करू. त्याला बॉल दिसला की तो डोळे मिटतो.

वहिनीनं सगळ्या जर्स्या धुतल्या. सायन्नाची गोलातली हिरवीसुद्धा. "ती कशाला?" विचारलं. "मैली थी," म्हणाली. तो गेल्यापासून कोणी घातली नव्हती.

तिच्याच ओसरीवर बसून हे लिहितोय. लिहिता लिहिता मधेच थांबलो होतो, कारण फाटकाची कडी वाजली. नरसिंलू.

एसटीनं आला. केस पांढरे झालेत. खांद्याला पिशवी, तोंड बांधलेली. वहिनीनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. तो सायन्नाच्या स्टुलावर बसला नाही, पायरीवर बसला. उद्या कोणाच्या गोलात उभा राहणार, हे तिनं विचारलं नाही. मीही नाही. तोंडाशी आलं होतं.

पाणी पिऊन तो दोरीवरच्या हिरव्या जर्सीकडं बघत बसला. बाही ओली होती, पिळून पाहिली. मग माझ्याकडं वळला.

"क्या रे तम्मुडू, पॅसेंजर बंद हुई बोलते. कल हमारा हाफटाइम कैसा करना?"