साहेबांच्या गाडीची चाकं

लातूर, एप्रिल, मंगळवार संध्याकाळ

ती परात डोळ्यांसमोरून जात नाही. साहेबांना घेऊन शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात पाण्याचा टँकर बघायला गेलो होतो. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. आमच्या साहेबांना टायरांवरचा फुफाटा दिसला.

"चाकं धुऊन घ्या."

"साहेब, कोरड्या फडक्यानं पुसतो की. बाया सकाळपासून उभ्या हायेत."

"एका बादलीनं काय होतंय?"

वीस वर्षं गाडी चालवतोय, नाही म्हणायची सवय कुठंय? टँकरवर बादली भरली. बायांनी मुकाट्यानं वाट दिली, तेच लई लागलं. पहिल्या चाकावर पाणी ओतलं, तशी रांगेतली एक म्हातारी पुढं आली आणि तिनं खाली परात धरली.

"ओत बाबा, शेळीला व्हईल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काळं पाणी परातीत पडत होतं आणि ती परात सरळ धरून बसली होती. मी ओतायचं थांबवलं. उरलेली बादली रांगेत ठेवलेल्या तिच्या घागरीत ओतली, बाकीची तीन चाकं फडक्यानं पुसली. साहेब बघत होते.

मोठे साहेब दहा मिनिटांत आले नि गेले. चाकांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

निघताना म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "लई पुण्य लागंल तुला" म्हणाली. पाणी तिचंच होतं. तरी मी मान खाली घालून आशीर्वाद घेतला.